तेता, तुझे हात सुखरूप राहोत

प्रिय तेता,

तू गेल्याचा निरोप तुझ्या नातीने पाठवला तेव्हा पुण्यात पहाट होती आणि मी लेकीच्या डब्यासाठी कणीक मळत होते. ऐकलं आणि हात तसेच परातीत राहिले. लेकीने विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, डिअरबॉर्नची तेता गेली. तिला तू आठवत नाहीस. आम्ही अमेरिकेतून परतलो तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची होती. पण तुझा फोटो ती ओळखते.

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण तुला तेच आवडलं असतं. मी लेकीशी इंग्रजीत बोलले की तू भुवया उंचावायचीस. तुझ्या नातवंडांना अरबी कळायचं, पण उत्तर यायचं इंग्रजीत. ते तुला फार लागायचं. "हिच्याशी तुझ्या आईचं बोल," असं तू तुझ्या मोडक्या इंग्रजीत बजावायचीस. लेबनॉनमध्ये आजीला तेता म्हणतात. सगळी गल्ली तुला तेताच म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले.

जानेवारी 2019. आईचं मुंबई-डेट्रॉइट तिकीट काढून झालं होतं आणि आठवड्यावर निघणं आलं असताना बाबांची बायपास ठरली. नवऱ्याला रजा मिळाली ती मोजकी. बाळाला घेऊन घरी आलो त्याच संध्याकाळी दारावर थाप पडली. दारात तू होतीस. कोटाखाली घरातलाच झगा, हातात टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं. "मामा कुठंय?" तू विचारलंस, म्हणजे माझी आई. मी सांगितलं, इंडियात, येता येणार नाही. तू आणखी काही विचारलं नाहीस. बूट काढलेस, स्वयंपाकघर शोधलंस आणि पातेलं गॅसवर ठेवलंस. तोवर आपली ओळख म्हणजे दोन घरं पलीकडून हात हलवण्याइतकीच होती.

पातेल्यात मुजद्दरा होता. मसूर, तांदूळ आणि वर काळपट होईस्तोवर तळलेला कांदा. मी मांसाहार करत नाही हे तुला कुणी सांगितलं, मला आजही माहीत नाही. पहिल्या घासाला मला खिचडी आठवली आणि रडू आवरेना. तू माझ्या पाठीवरून हात फिरवत बसलीस.

त्यानंतर तू रोज आलीस. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना, तुमच्याकडे चाळीस दिवस. हिशेब एकच निघाला, तेव्हा तुला कोण आनंद झाला होता!

बारावा दिवस, बारशाचा, 30 जानेवारीला आला. त्या आठवड्यात ध्रुवावरची थंडी मिशिगनवर उतरली होती, पारा शून्याखाली 25 अंशांच्या आसपास. रात्री सगळ्यांच्या फोनवर सूचना आली की गॅस कमी पडतोय, घरातलं तापमान 65 फॅरनहाइटपर्यंत खाली आणा. बोलावलेलं कुणीच येऊ शकलं नव्हतं. तू मात्र दुपारीच बर्फातून पाय रोवत आली होतीस, वाट्यांचा ट्रे घेऊन. त्यात मुघली होतं. तांदळाचं पीठ, साखर, दालचिनी, बडीशेपेसारखं अनीस आणि शहाजिऱ्याच्या जातीचं करावया, हे सगळं तासभर ढवळत शिजवायचं. वर खोबरं आणि भिजवलेले बदाम-अक्रोड. लेबनॉनमध्ये मूल जन्मलं की घराघरात हे होतं आणि तिथले ख्रिस्ती लोक नाताळात येशूच्या जन्मासाठीही करतात. बाळंतिणीला दूध उतरतं, असं तू खुणांनी सांगितलंस. फोनच्या पडद्यावर आई होती, ती लगेच म्हणाली, "अगं, म्हणजे आपली आळिवाची खीर आणि बाळंतशेपा!"

आत्या नागपुरात. मग कानात नाव कुणी सांगायचं? मी तुला विचारलं. तू बाळाला जवळ घेतलंस आणि आधी उजव्या कानात तुमची अजान म्हटलीस, अगदी पुटपुटत, आणि मग नाव. अरबीत 'प' नाही, त्यामुळे माझ्या लेकीचं नाव जगात पहिल्यांदा उच्चारलं गेलं ते 'ब'ने. आम्ही घरात अजून तिला 'ब'नेच हाक मारतो.

दुसऱ्या दिवशी आईने व्हिडिओवर लोडाला बाळ करून दाखवलं: पाय पसरून बसायचं, बाळाला पायांवर घ्यायचं, तेलाची धार, मग मालिश. तू पंचाहत्तरीच्या गुडघ्यांनी जमिनीवर बसलीस आणि तस्संच केलंस, फक्त खोबरेलाऐवजी तुमच्या गावाकडचं ऑलिव्हचं तेल. आई मराठीत सांगत होती, तू अरबीत उत्तरं देत होतीस. मधे माझी गरजच पडली नाही.

तुझे ते हात मी नीट पाहिले ते त्या दिवशी. बोटं जाडजूड, पेरं सुजलेली. पुढे कधीतरी द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळताना तू सांगितलंस की लहानपणी पहाटे उठून तंबाखूची पानं खुडायची आणि लांब सुईने दोऱ्यात ओवायची. चीक बोटांवरून दिवसेंदिवस निघत नसे. दक्षिण लेबनॉनमधल्या बिंत जुबैलच्या बाजूचं तुझं गाव. 1978 च्या मार्चमध्ये इस्रायलचं सैन्य तिथे शिरलं, त्यानंतर तू तीन मुलं घेऊन नवऱ्याकडे डिअरबॉर्नला आलीस. तो मोटारींच्या कारखान्यात होता. इथे तुझं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा तुझ्याजवळही कुणी नव्हतं. हे तू मला दोन वर्षांनी सांगितलंस, तेही सहज, पानं मोजता मोजता.

मी तुला काय देऊ शकले? तुझं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही रीत दोन्हीकडची, म्हणून त्यात पुरणपोळी घालून दिली, कधी शंकरपाळे. 4 ऑगस्ट 2020 ला बैरूतच्या बंदरात स्फोट झाला, तेव्हा तुझ्या ओसरीवर तुझ्यापासून सहा फुटांवर बसून राहिले. 2024 च्या शरदात तुझ्या गावावर पुन्हा बॉम्ब पडत होते आणि मी पुण्याहून फोन केला, तर तू विचारलंस, पोरीचे दात पडायला लागले का? एवढ्या दुःखात तुझ्याकडे माझ्या पोरीसाठी जागा होती.

तू तिला 'तूबरीनी' म्हणायचीस. मी अर्थ विचारला, तर म्हणे, "तू मला मूठमाती देवोस." मी दचकले होते. मग कळलं की तुझ्या आधी मी जावं, तुझ्याविना जगायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढी ती माया. आपल्याकडच्या आज्या 'माझं आयुष्य तुला लागो' म्हणतात, तशीच.

आपल्या माणसाचे आभार मानायचे नसतात, असं ऐकत मी वाढले, म्हणून तुला कधी थँक्यूही नीट म्हटलं नाही. पुरणपोळी खाल्लीस की तू म्हणायचीस, "यिस्लमू इदेयकी", तुझे हात सुखरूप राहोत. उत्तरात "आणि तुझेही" म्हणायचं असतं, हे तू मला शिकवलं होतंस. मी प्रत्येक वेळी नुसती हसायचे.

परवा मुघली केलं. शेजारच्या वाड्यातल्या सुनेला मुलगी झाली, तिचं माहेर दूर बिदरला आहे. तासभर ढवळलं, हात भरून आला. वाटी हातात घेताना तिच्या सासूने विचारलं, हे कुणाकडचं? मी म्हटलं, माझ्या माहेरचं.

यिस्लमू इदेयकी, तेता.

तुझी,
दोन घरं पलीकडची