डॉक्टर मॅडम, खारीची जखम धुवायला शिकवल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून ते इथे नाही. खारी-चिमण्यांची फी तुम्ही घेत नाही आणि पेढे आणले की ते थेट कंपाउंडरच्या टेबलावर जातात. त्यामुळे आम्हा प्राणिमित्रांना तुम्ही जे शिकवलंत ते चारचौघांत मांडायचं, एवढाच आभार मानायचा मार्ग उरतो.

तुमचा पहिला आग्रह क्रमाचा. जखमी खार हाती लागली की लोक आधी औषधाचा डबा उघडतात. तुम्ही आधी ऊब द्यायला लावलीत. पूर्ण वाढलेली खार जेमतेम १०० ते १२० ग्रॅमची. मार बसला, रक्त गेलं की अंग झपाट्याने गार पडतं, आणि त्यावर पाणी ओतलं तर जखमेच्या आधी गारठाच तिला नेतो. म्हणून भोकं पाडलेलं बुटांचं खोकं, आत जुना सुती टी-शर्ट, आणि फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली, म्हणजे उकडलं तर तिला बाजूला सरकता येतं. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. ती गरम आणि सावध झाल्यावरच ओआरएस, १ मिलीच्या सिरिंजने, ओठाच्या कडेने थेंब थेंब. अर्धवट शुद्धीत पाजलेलं पाणी फुफ्फुसात जातं. आणि धरताना शेपटीला हात नाही. शेपटीची कातडी सोलून हातात येते, उघडी पडलेली हाडं वाळतात आणि तेवढा भाग बहुधा कापावाच लागतो.

धुणं तर तुम्ही अक्षरशः हात धरून शिकवलंत. नॉर्मल सलाईनची, म्हणजे जखम धुवायच्या मिठाच्या पाण्याची, बाटली कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. नाहीच मिळाली तर १ लिटर उकळून निववलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, आणि ते काट्यावर मोजून, कारण चमचे घरोघरी वेगळे. पाणी कोमट हवं. १० मिलीची सिरिंज सुईशिवाय घ्यायची, तिरकी धरायची आणि घाण बाहेर वाहील अशा बेताने धार सोडायची. कापसाने पुसायचं नाही, त्याचे तंतू जखमेत राहतात. गॉझही टेकवून उचलायचा, घासायचा नाही. कडेचे केस कापण्याआधी जखमेवर पाण्यात विरघळणारी जेली पसरली की केस जेलीला चिकटतात आणि धुताना तिच्याबरोबर निघून जातात. ही युक्ती आम्ही आता कुत्र्यांच्या जखमांनाही वापरतो.

मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, पण पातळ करून. बाजारात ५ टक्के आणि १० टक्के अशा दोन्ही बाटल्या मिळतात, लेबल न वाचता ओतणाऱ्यांची गफलत तिथेच होते. ५ टक्क्यांचं असेल तर १ मिलीत साधारण १० मिली सलाईन, १० टक्क्यांचं असेल तर २०. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे. दाट द्रावणाने जंतूंबरोबर नव्या वाढणाऱ्या पेशीही मरतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून लोकांना समाधान वाटतं, पण तो फेस कोवळ्या मांसाचं नुकसान करतो. डेटॉल, फिनेल, टर्पेंटाईन यांचं तर नावच नको. गाईच्या जखमेत अळ्यांसाठी टर्पेंटाईन घालणारा माणूस तेच हात खारीला लावतो, आणि खार ते चाटून पोटात घेते. हळदीबद्दल बोललं की मंडळी दुखावतात, पण तुमचं म्हणणं आम्हाला पटलंय: पूड जखमेत बसते, तिचा लगदा वाळून वर कवच धरतो आणि खाली पू साचत राहतो. अँटिबायोटिक पावडरचंही ओल्या खोल जखमेत हेच होतं.

मांजराच्या दाताबद्दल तुम्ही सर्वांत कडक होतात, आणि त्याबद्दल विशेष आभार. वरून टाचणीएवढं भोक, रक्ताचा एखादाच ठिपका, घरचे म्हणतात, "काही लागलेलं नाही, नुसती घाबरलीय." मांजराच्या तोंडातले पाश्चुरेला जंतू त्या भोकातून खोल जातात, वरची कातडी लवकर मिटते आणि विष आत भिनतं. म्हणून मांजराच्या तोंडातून सुटलेल्या प्रत्येक खारीला, जखम दिसो न दिसो, २४ तासांच्या आत डॉक्टरकडून अँटिबायोटिक. केस उलटे फुंकत पाठ, काखा, पोट तपासायचं. भोक मलमाने बुजवायचं नाही, निचरा चालू राहिला पाहिजे. औषध मात्र घरात उरलेल्या सिरपमधून नाही. सिरिंजचा एक थेंब सुमारे ०.०५ मिली असतो. १०० ग्रॅमच्या खारीला तो एक थेंब जास्त जाणं म्हणजे ५० किलोच्या माणसाला २५ मिली जास्त जाणं. हा हिशेब तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलात, तेव्हापासून स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आमच्या पिशवीत असतो.

माश्यांची अंडी पांढरट पिवळी, जेमतेम १ मिलिमीटरची, केसांच्या बुडाशी गुच्छाने चिकटलेली असतात. दिवसभरात त्यांच्या अळ्या होतात, म्हणून ती रात्रीवर टाकायची नाहीत. बारीक दातांच्या फणीने आणि चिमट्याने काढायची. कान, नाकपुड्या, गुदद्वार विसरायचं नाही.

विजेच्या डीपीवर भाजलेल्या खारीचं पहिल्या दिवशी भाकीत करायचं नाही. मेलेली कातडी कुठवर आहे हे कळायला दोन-तीन दिवस लागतात, आणि तळपायांइतकंच तोंडाच्या आतही बघावं लागतं. गालावरचं गळू दाबायचं नाही. कोमट ओला शेक पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, चिरायचं काम तुमचं. बँडेज बहुतेकदा नकोच, ती ते कुरतडते आणि गिळते. घट्ट बसलेली कोरडी खपली तशीच ठेवायची. ओलसर गुलाबी जखम चांगली. काळी कड, हिरवट पू किंवा वास आला तर लगेच तुमच्याकडे.

पिल्लांचं एक फारसं कुणी बोलत नाही. एकत्र ठेवलेली अनाथ पिल्लं दूध चोखायच्या सवयीने एकमेकांचं लिंग चोखतात. तिथे सूज येते, खपली धरते, लघवी तुंबते आणि पिल्लू दगावतं. चोखताना दिसली की त्याच क्षणी वेगळी करायची. प्रत्येक दुधानंतर कोमट ओल्या बोळ्याने हळूच पुसून लघवी करवायची आणि हनुवटीवरचं दूधही टिपायचं, नाहीतर तिथले केस जाऊन चट्टे पडतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आठवणही तुम्हीच दिलीत: खार पाळायची नसते. वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवायचं, आणि बरी झाली की जिथली तिथे सोडायची. चावली तर जखम साबणाने १५ मिनिटं धुऊन माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. हे तुम्ही दर वेळी सांगता, आणि दर वेळी कुणीतरी हसतं.

तुमचे ऋणी,
आम्ही सगळे प्राणिमित्र

ता. क. : सलाईनच्या बाटल्या आणि १ मिलीच्या सिरिंजचा एक खोका सोमवारी कंपाउंडरकडे ठेवतोय. हे पेढे नाहीत, तेव्हा परत पाठवू नका.