‘कर्जाला कंटाळून’ एवढंच लिहू नका

संपादक साहेब, नमस्कार.

19 मार्चला आमच्या गावात दहा-बारा जणांनी शेतकरी आत्महत्यांच्या दुःखात अन्नत्याग केला, तुमच्या पेपरात चार ओळी आल्या, आल्या हेच खूप. पण त्यात, 1986 ला आत्महत्या केलेल्या शेतकरी साहेबराव करपेंचं सगळं ‘कर्जाला कंटाळून’ एवढ्यात उरकलं म्हणून लिहितोय.

चिलगव्हाण (ता. महागाव) आम्हाला लांब नाही. साहेबराव काही पिचलेला माणूस नव्हता, सरपंच राहिलेला, भजनाचा नादी, शेती भरपूर. वीजबिल थकलं, लाईन कापली, उभा गहू वाळला असं जुनी माणसं अजून सांगतात. 19 मार्च 1986 ला पवनारजवळ दत्तपूरला बायको आणि चार लेकरांसकट संपला. चार लेकरं हो! माझी आई आजही त्याच्यावर चिडते, लेकरांनी काय घोडं मारलं होतं म्हणते, आणि मला ते पटतं, त्या गोष्टीचं कौतुक करायचं काही कारणच नाही. 2017 पासून किसानपुत्र आंदोलनवाले त्या दिवशी उपवास धरतात तो कौतुकाचा नाही, सुतकाचा आहे. 40 वर्षं होत आली आणि का झालं ते अजून आम्ही एकमेकांनाच विचारतोय.

सरकार ‘का’ विचारत नाही, मदतीला पात्र की अपात्र ते विचारतं. आमच्या गल्लीत मागच्या वर्षी एक शेतकरी पोरगा असाच जीव देऊन गेला. तलाठी आले, पंचनामा झाला, कागद तहसीलला गेले. बँकेचं पीककर्ज त्याने मार्चमध्ये इकडून तिकडून पैसे आणून नवं-जुनं केलं होतं, जुनं भरून लगेच नवं उचललं, म्हणजे कागदावर थकबाकी शून्य, कृषी केंद्राची उधारी आणि हातउसने तर कुठे धरतच नाहीत. अपात्र! कर्ज वेळेवर फिरवलं हाच त्याचा गुन्हा झाला म्हणायचा. पात्र झाला असता तर 1 लाख, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार बँकेत ठेव, 2006 पासून हाच आकडा ऐकतोय, सोयाबीनच्या बियाण्याची बॅग तेव्हा केवढ्याला होती आणि आता केवढ्याला आहे ते बघा.

आणि गावही काही कमी नाही. तिसऱ्याच्या आधीच पारावर ठरलं की प्यायचा, बायकोशी पटत नव्हतं. मीही तिथे बसलो होतो, गप्प बसलो, ते अजून टोचतं. नंतर त्याच्या बायकोने उधारीची वही दाखवली, निळ्या पेनाने तारखेवार लिहिलेलं, खत, फवारणी, पोराची फी, परत खत, आणि दसऱ्यानंतर नुसत्या तारखा, पुढे काहीच नाही. ती म्हणाली भाऊ, ह्या तारखांना हे कुठं जात होते एवढं कोणी सांगा. ना पंचनाम्यात ते आहे ना तुमच्या बातमीत.

रेल्वेचे दोन डबे घसरले तरी चौकशी बसते, इथे घरातला माणूस जातो आणि एक फॉर्म भरून फाईल बंद. पूर्ण चौकशी सरकार करेल तेव्हा करेल, तुमचा वार्ताहर तर येऊ शकतो ना? पुढच्या महिन्यात त्या पोराचं वर्षश्राद्ध आहे. त्याची बायको बोलायला तयार आहे, मी विचारलंय. कळवा, स्टँडवर घ्यायला मी येतो, जेवण आमच्याकडे.

– एक वाचक, ता. दिग्रस, जि. यवतमाळ
(नाव छापू नये ही विनंती)