कोठडीच्या कलमावर चर्चा व्हायलाच हवी होती

महोदय,

भारतीय न्याय संहितेसह तीन फौजदारी विधेयके लोकसभेने २० डिसेंबर २०२३ रोजी आणि राज्यसभेने दुसऱ्याच दिवशी मंजूर केली. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते. असदुद्दीन ओवैसींसारख्या मोजक्या विरोधी सदस्यांनी सभागृहात आक्षेप नोंदवले, त्यांची दखल घ्यायलाच हवी. पण एवढ्या मोठ्या कायद्याला दोन-चार भाषणे पुरत नाहीत.

या तीन कायद्यांपैकी अटक व तपासाची प्रक्रिया ठरवणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८७ पाहा. पूर्वी पोलीस कोठडी अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतच मिळे. आता हेच पंधरा दिवस, गुन्ह्याच्या स्वरूपानुसार, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. म्हणजे तुरुंगात गेलेल्या आरोपीला पुन्हा पोलिसांच्या ताब्यात आणता येते. केवळ या कोठडीसाठी जामीन नाकारू नये, असे कलम ४८० सांगते हे खरे. पण ज्याला वकीलच परवडत नाही त्याच्यासाठी तो मुद्दा कोर्टात मांडणार कोण? देशातल्या तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे, म्हणजे खटला अजून न संपलेले, आहेत, आणि त्यांतले बहुतेक गरीब!

ही विधेयके तपासणाऱ्या संसदेच्या स्थायी समितीत पी. चिदंबरम आदींनी भिन्नमतपत्रिका जोडल्या होत्या. त्यांतल्या मुद्द्यांवर गृहमंत्र्यांना सभागृहात कलमवार प्रश्न विचारले जायला हवे होते. १ जुलै २०२४ पासून हे कायदे लागू आहेत. निदान आता तरी विरोधी पक्षांनी कलम १८७ च्या दुरुस्तीसाठी खासगी विधेयक आणावे आणि सरकारने त्यावर पूर्ण वेळ चर्चा होऊ द्यावी.

– एक वाचक