शिळ्या ब्रेडची धिरडी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, की अर्धा ब्रेड नेहमी टाकून द्यावा लागतो आणि रात्री दमून आल्यावर पोळ्या लाटणं जिवावर येतं. फोन ठेवल्यावरही ते माझ्या मनातून जाईना. बिस्किटं खाऊन झोपू नकोस रे. त्या उरलेल्या ब्रेडची धिरडी कर. अर्ध्या तासात गरम, पोटभर जेवण होतं.

आधी ब्रेड नीट उजेडात धरून बघ. वातड झालेला चालेल, बुरशी आलेला अजिबात नाही. एका स्लाइसवर हिरवा-काळा ठिपका दिसला तरी अख्खा पुडा टाकून दे. ब्रेड सच्छिद्र असतो, बुरशीचे तंतू आतपर्यंत गेलेले असतात आणि ते दिसत नाहीत. इथे काटकसर नको. वातडपणाची मात्र काळजी करू नकोस. भाजताना ब्रेडमधलं स्टार्च पाणी धरून फुगतं आणि नंतर हळूहळू पुन्हा आवळत जातं, म्हणून तो कडक होतो. फ्रिजमध्ये तर हे आणखी लवकर होतं. पाणी आणि आच मिळाली की ते परत सैल पडतं.

सहा स्लाइस घे, कडांसकट. कडा काढून टाकायची पद्धत मला मुळीच पटत नाही, खरपूस चव तिथेच असते. तुकडे करून अर्धी वाटी आंबट दही आणि वाटीभर पाण्यात भिजव आणि हातानेच कुस्कर. मिक्सरमध्ये फार फिरवलं की पीठ चिकट होतं. मग अर्धी वाटी बारीक रवा आणि पाव वाटी तांदळाचं पीठ घाल.

हा रवा वगळू नकोस, सगळी मेख त्यातच आहे. ब्रेड एकदा भाजून झालेला असतो. त्यातल्या मैद्याची बांधून धरायची ताकद भट्टीतच खर्च झालेली असते. नुसता ब्रेड भिजवून तव्यावर पसरलास तर वरून करपेल, आत लगदा राहील आणि उलटताना तुकडे पडतील. कच्चा रवा आणि पीठ तव्यावर शिजतात तेव्हा तेच सगळ्याला धरून ठेवतात. म्हणून पीठ पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. रवा पाणी पितो, मिश्रण घट्ट होतं. मग थोडं पाणी घालून पळीवाढं कर. घरात रवा नसेल तर बेसन घे, तेही चांगलं धरतं. त्यात ओवा हवाच.

त्या पंधरा मिनिटांत कांदा, मिरची, कोथिंबीर बारीक चिरून घे. आलं किसून घातलंस तर फारच छान. गाजर, कोबी, काय असेल ते चालेल, पण बारीक हवं. जाड तुकड्यापाशी धिरडं फाटतं. कांदा आणि मीठ अगदी शेवटी घाल, नाहीतर कांद्याला पाणी सुटून पीठ पातळ होतं. आणि मीठ बेतानंच, ब्रेडमध्ये आधीच असतं. सोडा लागत नाही.

तवा आधी चांगला तापव, मग आच मध्यमपेक्षा जरा कमी कर. बाजारच्या ब्रेडमध्ये बहुधा साखर असते, त्यामुळे रंग पटकन चढतो आणि आत कच्चं राहतं. डोशासारखं पातळ पसरू नकोस. तळहाताएवढं, थोडं जाडसर घाल, कडेनं तेल सोड आणि झाकण ठेव. वरचा ओलेपणा गेला, कडा आपोआप सुटायला लागल्या की मगच उलट. त्याआधी उलथणं घालायची घाई करू नकोस. दुसरी बाजू झाकण न ठेवता भाज, म्हणजे कुरकुरीत होते.

सोबत दाण्याची चटणी नाहीतर लोणचं. आणि तव्यावरचं थेट ताटात घेऊन खा, गार झाल्यावर ती मऊ पडतात. पीठ उरलं तर फ्रिजमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवशीच संपव.

या शनिवारी करून बघ आणि कशी झाली ते कळव. तुटली तर तसंही सांग, रव्याचं प्रमाण आपण बघू. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
जुना मित्र