वर्गणी नंतर द्या, आधी घरातल्या पेट्या उघडा

रामराम.

गावातल्या सगळ्या खातेदारांना आणि वाळूज, चाकण, हडपसरला कामावर असलेल्या आपल्या लेकरांना ही विनंती आहे. रस्ता रुंदीकरणाची नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागल्याचं बहुतेकांना कळलंय. त्यातली एक ओळ मात्र फार थोड्यांनी वाचली. 'तातडीची निकड' असल्यामुळे हरकतींवर सुनावणी होणार नाही, असं तिथं लिहिलंय. त्या ओळीविरुद्ध बाधित शेतकऱ्यांची आपली समिती उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट याचिका दाखल करतेय.

रस्ता नको असं आपल्यातलं कुणीच म्हणत नाही. पावसाळ्यात मोसंबीची गाडी जालन्याला न्यायची म्हटलं की ड्रायव्हर आधी भाडं वाढवून सांगतो, मग रस्त्याला शिव्या देतो. प्रश्न रुंदी कुठून मोजायची याचा आहे.

हा रस्ता बाहत्तरच्या दुष्काळात झाला. आपल्याच आज्या-आजोबांनी खडी फोडली, मुरूम टाकला, सुकडी खाऊन दिवस काढले. वावरातून रस्ता गेला तेव्हा संपादनाचा कागद कुणी मागितला नाही. पोटात भूक असताना कोण मागणार? त्यामुळे कित्येक गटांमध्ये डांबराखालची जमीन आजही सातबाऱ्यावर आपल्याच नावावर आहे आणि तिचा शेतसाराही आपणच भरत आलोय. आताच्या मोजणीत डांबर आणि बाजूपट्टी सरकारचीच धरून त्यापुढे नवी पट्टी आखली आहे. म्हणजे एकाच वावरातून दोनदा जमीन जाणार आणि पहिलीचा हिशेब कुठंच नाही. सुनावणी झाली असती तर हीच गोष्ट अधिकाऱ्यासमोर नकाशा पसरून दाखवता आली असती. तीच दारं बंद केली.

वकिलांनी समजावलं ते थोडक्यात असं. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्याच्या कलम १५ नुसार प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांत हरकत घेता येते आणि हरकत घेणाऱ्याचं म्हणणं ऐकावं लागतं. हे टाळायची वाट कलम ४० मध्ये आहे, पण ती अरुंद आहे. संसदेनं केलेल्या मूळ कलमात देशाचं संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती आणि संसदेच्या मंजुरीनं ठरलेली इतर एखादी आणीबाणीची वेळ, एवढंच येतं. शिवाय ताबा घेण्याआधी मोबदल्याचे ८० टक्के हातात द्यावे लागतात. अंदाजपत्रकात वर्षानुवर्षं लोळत पडलेला रस्ता एका रात्रीत आपत्ती कसा झाला, हे आपण न्यायालयाला विचारणार आहोत.

हा प्रश्न जुनाच आहे. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यातही तातडीचं कलम होतं. १९७६ साली महाराष्ट्रातल्याच एका जमीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की काम निकडीचं आहे एवढं म्हणून भागत नाही. सुनावणीसुद्धा थांबवावी इतकी घाई का, याचा वेगळा विचार झालेला दिसला पाहिजे. रस्त्यात जुनी गेलेली जमीन आता कोण विचारतो, असं म्हणणाऱ्यांसाठी दुसरा निकाल आहे. हिमाचल प्रदेशातल्या विद्या देवींची जमीन १९६७-६८ मध्ये संपादन न करताच रस्त्यात गेली होती. त्यांना २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोबदला द्यायला लावला, उशीर झाला ही सरकारची सबब चालली नाही.

म्हणून आधी कागद हवेत. पत्र्याच्या पेट्या, माळवद, देवघरामागचे कोनाडे बघा. खासरा पाहणी पत्रक, सेतवार असे जमिनीच्या जुन्या नोंदींचे कागद, जुने फेरफार, शेतसाऱ्याच्या पावत्या, वाटणीपत्र, काय सापडेल ते आणा. उर्दूत असलं तरी फेकू नका, वाचणारा माणूस आपण बघू. रस्त्याच्या कामावर स्वतः राबलेली माणसं घरात असतील तर त्यांची शपथपत्रं करायची आहेत. त्यांना तालुक्याला नेण्या-आणण्याची सोय आम्ही करू. अशी माणसं दरवर्षी कमी होतायत.

आता पैशाचं. खर्च अंदाजे दीड लाख येईल. त्यात वकिलांची फी, प्रमाणित नकला, मोजणीच्या नकाशांची तपासणी आणि खंडपीठात जाण्यायेण्याचा खर्च आला. जाणाऱ्या गुंठ्यांवर वर्गणी बसवावी असं एक मत बैठकीत होतं. पण ज्याचं जास्त जातंय त्याच्याकडूनच जास्त घ्यायचं, हे मला तरी पटलं नाही आणि बहुतेकांनाही नाही. ज्याला जे जमेल ते द्यावं. ज्यांचं वावर रस्त्यापासून लांब आहे त्यांनीही द्यावं, पुढची आखणी कुणाच्या आखाड्यावरून जाईल कुणी सांगावं! ठेकेदाराचे आणि निवडणुकीला उभं राहू बघणाऱ्याचे पैसे मात्र घेणार नाही. प्रत्येकाला पावती मिळेल, खर्चाची वही दर रविवारी मारुतीच्या पारावर उघडी असेल.

ज्यांच्या नावावर जमीन आहे अशा बाया, तसंच अनुसूचित जाती-जमातीचे खातेदार यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, खंडपीठासाठीही विधी सेवा उपसमिती आहे. जे फुकट मिळतं ते आधी घेऊ, म्हणजे दीड लाखाचा आकडा खाली येईल.

आणि एक. संमतीपत्राचे कोरे बॉण्ड घेऊन दोन-तीन जण मोटारसायकलवर फिरतायत. सही, अंगठा काही देऊ नका. पैसे उचलायची वेळ आलीच, तर 'हरकत राखून' असं लिहूनच सही करा. ते न लिहिता उचलले तर वाढीव मोबदल्याची मागणी करण्याचा हक्क जातो.

सोमवारी सकाळच्या एसटीनं फाइल वकिलांकडे जाईल. रविवारी दिवसभर झेरॉक्सचं मशीन पारावर असेल, लाइट गेली तर जनरेटर सांगून ठेवलाय. समोर उभं राहून नक्कल काढून घ्या आणि मूळ कागद घरी न्या. तो कुणाच्याही हाती देऊ नका, आमच्यासुद्धा.