मधल्या भाताचं गोड

मिरज,
आषाढ शु. 3

प्रिय चिंगे,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तुझ्या नातीचा प्रश्न मनातून जाईना. ‘आजी, आपल्याकडे जेवण झाल्यावर डेझर्ट का नसतं? माझ्या मैत्रिणीकडे रोज असतं.’ आणि तू लिहिलंस की तुला काही सांगता आलं नाही, फ्रिजमधलं आइस्क्रीम काढून दिलंस. पुढे मलाच विचारलंस, तुमच्याकडे तरी अजून जेवणात गोड असतं का गं?

तिला आधी हे सांग की आपल्याकडे जेवण झाल्यावर गोड कधी नव्हतंच. असायचं ते पानात. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या अंगाला, भाज्या-आमटी उजवीकडे, आणि खिरीची नाहीतर श्रीखंडाची वाटी त्यांच्याच शेजारी, पहिला घास घेण्याआधीपासून. आपल्या वाड्यातली पंगत आठव. पहिला भात वरण-तुपाचा. मग पुरी आणि गोड, त्याच्या आगेमागे मधला भात, म्हणजे मसालेभात. शेवटचा भात ताकाचा. गोड कुठे होतं? मधे, भूक जागी असताना. शेवट ताकानं व्हायचा आणि मग विडा. सुश्रुतसंहितेत तर आधी मधुर, मधे आंबट-खारट आणि बाकीचे रस शेवटी, असा जेवणाचा क्रमच सांगितला आहे. तुमच्या बेंगळुरात लग्नाच्या केळीच्या पानावर सुरुवातीलाच चमचाभर पायस वाढतात, ते तू पाहिलं असशील. शेवटी गोड खायची चाल आपल्याकडे हॉटेलातून आली आणि मग लग्नाच्या बुफेतून घरात शिरली.

मला याचं वाईट वाटतं, आणि का वाटतं ते तुलाच सांगू शकते.

गेल्या मार्गशीर्षात एका लग्नाला गेले होते. जेवण उत्तम होतं. पण गोडाचं टेबल पार मांडवाच्या टोकाला. तिथे सात-आठ प्रकार, लोक कागदी वाट्या घेऊन रांगेत उभे. एक वयस्कर बाई, आपल्याच वयाच्या, काठी टेकत तिथवर गेल्या आणि रांग बघून परत फिरल्या. मी त्यांना जिलबी आणून दिली. त्या म्हणाल्या, ‘आमच्या वेळी जिलबी आपल्यापर्यंत यायची.’ चिंगे, तेव्हापासून हे वाक्य माझ्या मनात घर करून आहे. तुझे आजोबा पितळी ताट हातात घेऊन पंगतीत वाकून वाकून फिरायचे, ‘एक घ्याच’ म्हणायचे, आपण हात आडवा केला की बोटांच्या फटीतून जिलबी पानात पडायची. आणि मठ्ठ्याची बादली त्यांच्या मागून. तो आग्रह कुणाला जाचक वाटत असेल, मला नाही वाटला. पाहुणा आला आहे, त्याचं येणं आपल्याला हवं होतं, हे ती जिलबी सांगायची.

आता रोजच्या जेवणाचं. आपल्या लहानपणी रोज गोडधोड असायचं असं आज अनेकजण सांगतात, ते खरं नाही, निदान आपल्या वाड्यात तरी नव्हतं. साखर रेशनची, कार्डावर मोजून मिळायची. दोघींच्याही आया दिवाळीसाठी श्रावणापासून ती डब्यात बाजूला टाकायच्या. 72 च्या दुष्काळात तर मिरज पूर्व भागातल्या बायका दुष्काळी कामावरून सुकडी, म्हणजे तिथे वाटायचे ते गोडसर पौष्टिक पीठ, पदराला बांधून आणायच्या, आणि तुझ्याकडे धुणं करणाऱ्या मावशींनी त्यातली चिमूटभर आपल्या हातावर ठेवली होती. त्यांच्या पोरांच्या तोंडची होती ती. आज इतक्या वर्षांनीही ती चव सांगता येईल मला.

पण रोजच्या पानात गोडाचा एक कोपरा होता, तो मात्र खरा. पोळीचा शेवटचा चतकोर गूळ-तुपाशी. मे महिन्यात कैरीचा साखरांबा आणि गुळांबा बरण्यांत भरला जायचा आणि फडकं बांधून वर्षभर फळीवर राहायचा. भाजी आवडली नाही की शिकरण. केळी जास्त पिकली तरी शिकरण. आंब्याच्या दिवसांत रस आणि पोळी हेच जेवण, त्याला दुसरं नाव नव्हतं. यातलं माझ्या घरात आज काय उरलंय, खरं सांगू? गुळांबा मी अजून करते. बाकी रस सोडला तर जवळजवळ काही नाही. मुलगा-सून पुण्यात, इथे आम्ही दोघंच. गूळ-तूप-पोळी कुणासाठी करायची, असं होतं.

आणि ह्यांची साखर. सहा वर्षं झाली निघून. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, गोड बंद. मी इतकी घाबरले की अक्षरशः सगळं बंद केलं. त्या वर्षी होळीला पुरण घातलं नाही. नैवेद्याला साखरेची चिमूट. पाडव्याला श्रीखंड नाही, नागपंचमीला दिंडं नाहीत, पितृपंधरवड्यात सासूबाईंच्या तिथीला गव्हल्यांची खीरसुद्धा चमचाभरच केली आणि गुरुजींच्या पानात वाढली. अशी दोन वर्षं काढली. सण येत होते, कॅलेंडरवर दिसत होते, आणि घरात सकाळी उठल्यावर नेहमीचाच वास. वेलची नाही, जायफळ नाही, शिजत्या डाळीची वाफ नाही. ह्यांनी कधी तक्रार केली नाही. पण एका दसऱ्याला जेवायला बसले, पानाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘आज काय वार आहे?’ दसरा होता गं. मला हुंदका आवरला नाही.

त्यानंतर मी वही घेऊन हिशोब मांडला. तुला माहीत आहे, शाळेत मी तीस वर्षं गणितच शिकवलं. ह्यांचा चहा दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर. गोड बंद झालं तरी हा चहा चालूच होता, कारण चहाला आपण गोड म्हणतच नाही! चमच्यात 4 ग्रॅम धर. दिवसाला 32 ग्रॅम, महिन्याला किलोला थोडी कमी, वर्षाला साडेअकरा किलोच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम. म्हणजे ती मर्यादा चहाच ओलांडत होता. आता पुरणपोळीचं बघ. किलो डाळीला किलो गूळ, त्यात माझ्या हातानं पंचवीसएक पोळ्या होतात. पोळीमागे 40 ग्रॅम गूळ. वर्षातून पाच सणांना दोन-दोन पोळ्या खाल्ल्या तरी सगळा मिळून 400 ग्रॅम. साडेअकरा किलो सोडून मी 400 ग्रॅमच्या मागे लागले होते, आणि त्यापायी घरातले पाच सण पुसून टाकले होते.

वही घेऊनच डॉक्टरांकडे गेले. ते बराच वेळ बघत राहिले. मग आमचं असं ठरलं: चहा बिनसाखरेचा, बिस्किटं घरात आणायची नाहीत, आणि सणाला पानात अर्धी पोळी किंवा लहान वाटी, त्या जेवणात भात नाही. साखर वेळच्या वेळी तपासायची. हे आमच्या घरापुरतं झालं, प्रत्येकाची तब्येत वेगळी, तुझ्या भावाला सांगताना हे आवर्जून सांग. घाबरायचं कारण खोटं नाही. 2023 मध्ये आयसीएमआर-इंडियाबचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. आपल्या वाड्यातल्याच किती घरांत आहे, मोज. पण आपण गोड कमी केलं ते नेमकं चुकीच्या जागी, असं माझं ठाम मत झालंय. घरात केलेलं, तिथीचं, चार माणसांत वाटून खायचं गोड गेलं. वाढदिवसाचा केक, ऑफिसातले पेढे, थंड पेयं, रात्री टीव्हीपुढचं आइस्क्रीम हे सगळं राहिलं. याला ना तिथी, ना पंगत.

तिथीवरून सांगते. तुझ्या नातीला हे फार आवडेल. आपल्याकडे कुठलं गोड कधी, हे जवळजवळ पंचांगात लिहिल्यासारखं आहे. संक्रांतीला गुळाची पोळी, होळीला पुरणाची, पाडव्याला श्रीखंड, नारळी पौर्णिमेला नारळीभात, गणपतीला मोदक. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. गोव्यात हळदीच्या पानातल्या पातोळ्या. प्रत्येक गोडाला त्या दिवसाचं कारण आहे. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. आत्ता आषाढ लागलाय, पाऊस धरलाय, तर आखाड तळायचा म्हणून काल मी कापण्या केल्या, कणीक-गुळाच्या, वर खसखस लावून. महिन्याच्या शेवटी दिव्याच्या अवसेला कणकेचे गोड दिवे. ते दिवे उकडून, तूप घालून खायचे असतात, हे तुझ्या नातीला सांग. दिवा खायचा म्हटल्यावर तिचे डोळे कसे होतील, ते मला इथून दिसतंय.

आणि हे गोड भिंत ओलांडून जायचं. ईदेला सतार बनवणाऱ्यांच्या गल्लीतून शीरखुर्म्याचा डबा यायचा, तो रिकामा परत द्यायचा नाही म्हणून आई त्यात चकल्या-लाडू नाहीतर घरात असेल ते भरायची. तो डबा अजून येतो, बरं का! आता त्या घरातली सून पाठवते. गेल्या वर्षी तिनं चिठ्ठी लावली होती, ‘काकांसाठी साखर कमी घातली आहे.’ मी चिठ्ठी जपून ठेवली आहे.

तर तू विचारलंस त्याचं उत्तर. हो, आमच्याकडे जेवणात गोड असतं. रोज नाही. सणाला असतं, पानात असतं, पहिल्या घासाबरोबर. चक्का मी आता घरी टांगत नाही, डेअरीतून आणते. पाडवा-दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिथे रांग असते आणि त्या रांगेत उभं राहायला मला आवडतं, सगळ्या गावाच्या घरी उद्या काय आहे ते कळतं. पुरणयंत्रातून फेटणं मात्र घरीच. सून पहिल्या वर्षी म्हणाली होती, ‘आई, तयार डबा मिळतो की.’ मी काही बोलले नाही. नुसतं पुरणयंत्र तिच्या हातात दिलं आणि केशराच्या दुधाची वाटी. गेल्या पाडव्याला तिनं पुण्याहून फोन केला, ‘आई, जायफळ किती?’ मला त्या दिवशी किती आनंद झाला, कसं सांगू.

आता माझं ऐक. नागपंचमीला महिना आहे. तू ये, आणि नातीला घेऊन ये, शाळा दोन दिवस बुडली तरी चालेल. मी पुरण घालीन, दिंडांच्या घड्या तिला घालू देईन, वाकड्या झाल्या तर झाल्या. ती, तू, मी, हे, आणि शीरखुर्मावाली सून तिच्या पोरांना घेऊन, असे सगळे पाटावर बसू. गुडघे दुखत असतील तर आपण दोघी खुर्चीवर. वाढायचं काम तुझ्या नातीला देऊ. आग्रह कसा करायचा ते मी तिला शिकवीन.

येताना आईचं ते जाड बुडाचं पातेलं आण, तुझ्या मुलाच्या मुंजीला नेलेलं. त्यात पुरण लागत नाही.

तुझी,
बेबी