निकेलला घाई करू नकोस

न्यू ब्रिटन, कनेक्टिकट

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो दोन्ही मिळाले. कोल्ट कंपनीचं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर, साडेपाच इंची नळीचं, तेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं! तुझ्या हाती असं काही लागलं याचा मला मनापासून आनंद झाला. पण तुझा ह्यूस्टनचा गनस्मिथ, म्हणजे बंदुकांचा कारागीर, ‘सरळ निकेलचा मुलामा करून टाका, कटकट नको’ म्हणाला आणि तू जवळजवळ तयार झालास, हे वाचून लगेच लिहायला बसलो. अजून ॲडव्हान्स दिला नसशील तर देऊ नकोस.

आधी हे सांग, याला हात लावायचाच आहे का? जुन्या कोल्टवर मूळ फिनिश, म्हणजे धातूवरचा रंग किंवा मुलामा, थोडंसं जरी उरलं असेल, तरी तेल लावून पुसून ठेवणं यापलीकडे काही करू नये, या मताचा मी आहे. नव्याने फिनिश केलं की संग्राहकांच्या लेखी किंमत धाडकन उतरते. मूळ रंग उरला असेल तर तो नळीला चिकटून असलेल्या, रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरच्या नळकांड्याआड, सिलिंडरच्या खाचांत आणि मुठीच्या लाकडाखाली सापडतो. तुझे फोटो मी मोठे करून पाहिले. खाचांच्या कडा गोल झाल्यात, स्क्रूंच्या भोकांभोवती खळगे पडलेत, आणि डाव्या बाजूला पेटंटच्या ज्या तीन तारखा असतात, 1871, 1872 आणि 1875 सालच्या, त्यातली शेवटची जेमतेम वाचता येते. हे गंजाचं काम नव्हे. कुणीतरी फार पूर्वी हे बफिंगच्या चाकावर धरून निर्दयपणे घासलंय. त्यामुळे जपण्यासारखं मूळ काही उरलेलं नाही, आणि तू नव्याने विचार करायला मोकळा आहेस.

तरी एक काम आधी कर. कोल्टच्या दफ्तरात जुन्या नोंदी आहेत. नंबर कळवून फी भरलीस की ते पत्र देतात. नळीची लांबी, कॅलिबर, फिनिश, माल कोणत्या तारखेला कुठे रवाना झाला, हे सगळं त्यात येतं. त्यात निकेल निघालं तर मी माझा हट्ट सोडीन, निकेलच कर. पण माझ्या अंदाजाने ब्लूच निघेल, म्हणजे पोलादावर आणलेला निळा-काळा रंग. 1873 साली अमेरिकन सैन्याने हे रिव्हॉल्व्हर घेतलं तेव्हापासून त्याचं नेहमीचं रूप तेच आहे: नळी आणि सिलिंडर निळे, फ्रेम आणि घोडा केस-हार्डन केलेले, म्हणजे पोलादाचं वरचं कवच कठीण केलेले, ढगाळ रंगांचे.

निकेलला मी नावं ठेवत नाही. त्या काळी काडतुसांत काळी दारू, म्हणजे ब्लॅक पावडर, वापरात होती. तिची काजळी हवेतली ओल ओढून घेते आणि लोखंड खाते. निकेल त्याला पुरून उरायचं, म्हणून नागरी गिऱ्हाइकं आवडीने निकेल मागायची. जुन्या निकेलची किंचित पिवळसर, उबदार झाक मला आवडते, क्रोमसारखी ती थंड दिसत नाही. पण चकाकी शोभते ती नक्षीकामावर. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जनरल पॅटनचं हस्तिदंती मुठीचं कोल्ट तुला आठवत असेल. त्यांनी ते 1916 साली घेतलं. त्यावर चांदीचा मुलामा आहे, आणि तो खुलतो कारण खाली सगळीकडे कोरीव काम आहे. तुझं साधं आहे आणि त्याच्या कडा आधीच झिजल्यात. निकेल आरशासारखं असतं, पृष्ठभागावरची प्रत्येक लाट ते चारचौघांत दाखवतं. ती लाट घालवायची तर आणखी बफिंग, म्हणजे उरलेल्या तारखाही गेल्या. शिवाय निकेल म्हणजे शेवटी भांड्याला केलेली कल्हई, वरून चढवलेला थर. पुष्कळदा त्याच्याखाली तांब्याचा थर देतात. कुठे टवका उडाला आणि नळी साफ करायचं अमोनियाचं द्रावण आत शिरलं, की ते तांबं खातं आणि निकेल पापुद्र्याने सुटतं.

ब्लूचं तसं नाही. तो निळा-काळा रंग म्हणजे लोखंडाचंच ऑक्साइड, मॅग्नेटाइट. धातूच स्वतःचं रूप बदलतो. म्हणूनच मला ते जवळचं वाटतं. पण कोणतं ब्लू, हे स्पष्ट सांगावं लागेल. हल्ली सगळीकडे करतात ते कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण 140 अंश सेल्सिअसच्या उकळत्या द्रावणात बुडवून. स्वस्त, टिकाऊ, पण काळपट. तुझ्या वयाच्या कोल्टला चारकोल ब्लू हवं. त्यात भाग कोळशात तापवतात, मधेमधे बाहेर काढून घासतात, पुन्हा तापवतात. रंग खरा निळा येतो. झिजतं मात्र लवकर, हे मनाशी धरून चाल. आणि कोणतंही ब्लू शेवटी पॉलिशवर उभं असतं. कोल्टने 1955 साली पायथन नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं, त्याच्या रॉयल ब्लूचं लोक अजून नाव काढतात. रंगाची ती खोली मुख्यतः पॉलिशरच्या हातांनी आणलेली आहे. तेव्हा गनस्मिथला विचार: पॉलिश हाताने, सपाट ठोकळ्यावर करणार की चाकावर? चाकावर म्हणाला तर नमस्कार करून निघ.

आता फ्रेम. केस-हार्डनिंगचं काम मी इथे एका वर्कशॉपमध्ये उभं राहून पाहिलंय. हाडांचा आणि लाकडाचा कोळसा एकत्र करून लोखंडी डब्यात भरतात, त्यात फ्रेम पुरतात, झाकण घट्ट लावून डबा भट्टीत ठेवतात, सातशे अंशांच्या वर, तासन् तास. कोळशातला कार्बन पोलादाच्या कातडीत शिरतो. मग डबा चिमट्याने उचलून पाण्याच्या टाकीच्या अगदी पृष्ठभागाशी आणतात आणि तळ उघडतात. टाकीत खालून हवेचे बुडबुडे सोडलेले असतात. कोळसा आणि फ्रेम एकदम पाण्यात. त्या क्षणाआधी तापलेल्या लोखंडाला उघडी हवा लागली तर रंग गेलाच म्हणून समज. कारागिराने टाकीच्या तळातून जाळी वर घेतली, फ्रेम पुसली, आणि करड्या रंगावर निळे, जांभळे, गवती पिवळे ढग दिसले. कोणत्याही दोन फ्रेमवर ते सारखे उमटत नाहीत. मुळात हे केलं जायचं कणखरपणासाठी, बाहेर कठीण कवच आणि आत मऊ गाभा. रंग आपसूक आला, आणि आज आपण त्याच्यासाठी जीव टाकतो.

यात धोका आहे तो लपवत नाही. एवढ्या उष्णतेनंतर पाण्यात पडल्यावर जुनी फ्रेम वाकू शकते. मग सिलिंडर अडकतो, स्क्रू बसत नाहीत. म्हणून फ्रेम आतून ठोकळे लावून बांधणाऱ्या, याच कामात मुरलेल्या माणसाकडेच दे. न्यूयॉर्क राज्यातल्या टर्नबुल कंपनीचं या कामात नाव आहे, त्यांना विचारून बघ. महाग पडेल. नुसत्या रसायनाने रंग उठवून देणारेही भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. त्यापेक्षा आहे ते तपकिरी रूप शंभर पटीने बरं. स्क्रू आणि चाप मात्र उजळ निळे करून घे. पॉलिश केलेलं पोलाद तीनशे अंशांच्या आसपास नेलं की तो मोरपंखी निळा उतरतो.

ह्यूस्टनच्या दमट हवेचं म्हणशील. खरं आहे, ब्लू स्वतः गंज फारसा अडवत नाही. पण आपण रत्नागिरीत वाढलोय. खारा वारा लोखंडाचं काय करतो आणि तेलाचा हात काय करतो, दोन्ही पाहिलंय. हाताळलंस की लगेच तेलाचा बोळा फिरव, बोटांचे ठसे राहू देऊ नकोस, आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस, चामडं ओल धरतं. केस-हार्डनिंगचे रंग उन्हाने फिके पडतात, तेव्हा खिडकीसमोरची शोकेस नको. हार्टफर्डला म्युझियम ऑफ कनेक्टिकट हिस्टरीत कोल्टचा मोठा संग्रह आहे. मी तिथे रेंगाळतो तो या रंगांसाठीच. तू आलास की मुद्दाम दाखवीन.

कोल्टचं पत्र मागवायला आजच अर्ज कर. आणि डाव्या बाजूचा एक फोटो फ्लॅश न वापरता, तिरप्या उजेडात काढून पाठव. त्या तारखांची खोली किती उरलीय ते बघून किती पॉलिश सोसेल ते सांगतो. तोवर त्या गनस्मिथकडे रिव्हॉल्व्हर ठेवू नकोस, घरी घेऊन ये. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
विनू